लिसनिंगचे २४ वरून ३० कसे करायचे?

हडपसरच्या एका स्टाफ नर्सनी विचारलं आहे: "बारावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. यूकेतल्या नोंदणीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतेय, तिच्या लिसनिंगला, म्हणजे ऐकण्याच्या पेपरला, ७ बँड (श्रेणी) हवा. दोन महिन्यांत २२ सराव-टेस्ट दिल्या, पण ४० पैकी २३, २४, फार तर २५. रोज रात्री इंग्रजी मालिका बघते, खाली इंग्रजी सबटायटल लावून. वाचलं की सगळं कळतं, ऐकलं की निसटतं. परीक्षेला सात आठवडे उरलेत. आणखी कोणत्या टेस्ट सोडवू?"

कोणत्याच नको. निदान पुढचे चार आठवडे तरी नको. ताप मोजल्याने ताप उतरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही २२ वेळा थर्मामीटर लावला आणि २२ वेळा जवळपास तोच आकडा वाचला. औषध अजून सुरूच झालेलं नाही.

आधी त्या ७ बँडची भीती घालवू. लिसनिंगला साधारण २३ बरोबर आले की ६ बँड, ३० आले की ७. म्हणजे तुम्हाला सहा उत्तरं जास्त हवी आहेत. "माझं इंग्रजीच कच्चं आहे" हे तुमचं जे ओझं आहे ते सहा उत्तरांच्या मानाने फार मोठं आहे. इंग्रजी कच्चं असतं तर २४ सुद्धा आले नसते. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. माझ्याकडे येणाऱ्या नर्सेसपैकी बऱ्याच जणी रायटिंगला घाबरून येतात आणि लिसनिंगकडे दुर्लक्ष करतात. तुम्ही निदान दुखणं बरोबर ओळखलंय.

आता काम. तुमच्या शेवटच्या तीन टेस्ट काढा आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरासमोर, पुस्तकामागे छापलेली संहिता, म्हणजे ध्वनिफितीतलं सगळं बोलणं, उघडून कारण लिहा. मी वर्गात वहीवर चार रकाने आखायला लावते. पहिला: शब्द माहीत होता, पण ऐकताना ओळखू आला नाही. दुसरा: नीट ऐकला, पण लिहिताना घोळ केला. तिसरा: मी मागच्या प्रश्नावर अडकले होते, तोवर आवाज पुढे गेला. चौथा: बोलणाऱ्याने आधी एक सांगितलं, मग बदललं, आणि मी पहिलंच धरून बसले. मुलं पाचवा रकाना मागतात, "शब्दच माहीत नव्हता" असा. आखा खुशाल. तुमच्यासारख्यांच्या वहीत तो बहुतेक रिकामाच राहतो, आणि ते बघणं हाच अर्धा उपचार असतो.

गेली १९ वर्षं मी नारायण पेठेत हे शिकवते आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांचा पहिला रकाना सगळ्यात लांब निघतो, आणि त्याचा दोष मी आपल्या लिपीच्या प्रामाणिकपणाला देते. देवनागरीत आपण बोलतो तसं लिहितो आणि लिहिलंय तसं वाचतो. अक्षरावर विश्वास ठेवायची ही सवय आपण इंग्रजीतही नेतो, आणि इंग्रजी तो विश्वास पदोपदी मोडते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे तुम्हीही बहुधा पहिलीपासूनच शिकला असाल. पण शिकलात ती फळ्यावरून आणि पुस्तकातून, डोळ्यांनी. कानावर पडलं ते मराठी शाळेतलं इंग्रजी, म्हणजे मराठी चालीत म्हटलेलं.

तुमच्याच वॉर्डातले शब्द घ्या. आपण "टेम्परेचर" म्हणतो, ते म्हणतात "टेम्प्रचर". आपलं "मेडिसिन" ब्रिटिश माणसाच्या तोंडी "मेड्सिन" होतं. "कम्फर्टेबल" आवळून "कम्फ्टबल" होतं, "व्हेजिटेबल" होतं "वेज्टबल". आणि "लॅबोरेटरी"! लंडनचा माणूस म्हणणार "लबॉरट्री", अमेरिकन म्हणणार "लॅब्रटोरी". रोज दहा वेळा तुमच्या तोंडात असलेला शब्द, पण परीक्षेत ऐकलात तर अनोळखी वाटेल. एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळायची ही त्यांची रीत आहे. आपण सगळी अक्षरं सारख्या मानाने उच्चारतो, म्हणून गिळलेली अक्षरं आपल्याला ऐकूच येत नाहीत.

छोट्या शब्दांचं तर आणखी वाईट. "ऑफ", "टू", "फॉर", "ॲट" हे शब्द वाक्यात नुसते श्वासासारखे येऊन जातात. मी पहिल्याच दिवशी फळ्यावर "कपटी" लिहिते आणि विचारते, याचा अर्थ काय? कुणी सांगतं धूर्त, कुणी लबाड. मग "कप ऑफ टी" ऐकवते. जलद बोलण्यात ते जवळजवळ "कपटी"च ऐकू येतं. "नेक्स्ट डे" चं "नेक्स्डे" होतं, "ग्रीन पार्क" चं "ग्रीम्पार्क". यात त्यांचा काही आळशीपणा नाही. आपण तरी कुठे "काय करतो आहेस" म्हणतो? "काय करतोयस" म्हणतो, आणि समोरच्याला बरोबर कळतं.

तेव्हा औषध एकच: श्रुतलेखन. चौथीत बाईंनी घातलं होतं तेच. कुठल्याही टेस्टच्या तिसऱ्या किंवा चौथ्या भागातला दीड मिनिटाचा तुकडा घ्या. एकदा सलग ऐका, काही न लिहिता. मग एकेक वाक्य थांबवून जसंच्या तसं लिहा. अडलं तर तेच वाक्य आणखी दोनदा ऐका, तिसऱ्यांदाही कळलं नाही तर जागा मोकळी सोडून पुढे चला. शेवटी संहितेशी ताडून लाल पेनने दुरुस्त करा. प्रत्येक लाल खुणेपाशी थांबून तेवढाच तुकडा पुन्हा ऐका, आणि त्याच्या चालीत, त्याच्या वेगाने, मोठ्याने म्हणा. जो आवाज आपल्या तोंडातून कधी निघालेला नाही, तो कान ओळखायला फार वेळ लावतो. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा नुसता ऐका, कागदाशिवाय. आदल्या दिवशी जिथे चिखल होता तिथे शब्द सुटे दिसायला लागतात.

याला रोज २५ ते ३० मिनिटं लागतात, त्याहून जास्त करू नका. नाइट ड्यूटी संपवून आलात की तर अजिबात नको. त्या दिवशी जुनेच तुकडे बसमध्ये ऐका. हडपसर ते स्वारगेट एवढ्या वेळात चार तुकडे आरामात होतात.

मालिकांचं सांगते. सबटायटल असलं की डोळे वाचतात आणि कान सुट्टी घेतात. "ऐकलं" असं समाधान मात्र मिळतं, आणि ते फार महागात पडतं. बघायचीच असेल तर पाच मिनिटांचा प्रसंग आधी सबटायटलशिवाय, मग लावून, मग पुन्हा काढून बघा. उरलेला भाग करमणूक म्हणून बघा, पण अभ्यासात मोजू नका. त्यापेक्षा बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा-सहा मिनिटांचे कार्यक्रम बरे, त्यांची संहिताही मिळते. परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकेचे उच्चार येतात, म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सरकारी रेडिओवरच्या मुलाखती थोड्या कानावर घाला. उच्चारांच्या फार मागे लागू नका. "ऑस्ट्रेलियन ॲक्सेंट कळला नाही" म्हणणाऱ्यांची वही तपासली की निम्म्या वेळा तिथे "कपटी"च सापडतो.

आता दुसरा रकाना. हे फुकट गेलेले गुण असतात आणि ते सगळ्यात लवकर परत मिळतात. चाळीस प्रश्नांचे चार भाग, प्रत्येकी दहा. पहिल्या भागात दोन माणसांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं असतं: खोली भाड्याने हवी, वर्गाला नाव घालायचंय, सामान हरवलंय. इथे दहापैकी नऊच्या खाली येणं तुम्हाला परवडणार नाही, कारण चौथा भाग कितीही केला तरी कठीणच राहणार आहे.

पहिल्या भागात नावं, पत्ते, फोन नंबर असतात आणि नावं एकेक अक्षर सुटं करून सांगतात. आपले लोक "ए", "ई" आणि "आय" मध्ये फार फसतात, कारण ऑस्ट्रेलियन माणसाचा "ए" आपल्याला "आय" सारखा ऐकू येतो. ब्रिटिश "आर" नुसता "आ" असतो. "झेड" अमेरिकेत "झी" होतो आणि "जी", "जे" तर चांगले चांगले उलटे लिहितात. आकड्यांत शून्याला "ओ" म्हणतात, ७७ ला "डबल सेव्हन". "थर्टीन" आणि "थर्टी" मधला फरक शेवटच्या "न" मध्ये शोधू नका, तो जोरात आहे: तेरामध्ये साधारणपणे शेवटचा भाग लांबतो, तीसमध्ये पहिला ठोकला जातो. सरावासाठी पुस्तक नको. महावितरणच्या बिलावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो, घरातल्या कुणाला तरी तो इंग्रजीत भरभर वाचायला सांगा आणि तुम्ही लिहा. मग नातेवाइकांची आडनावं एकेक अक्षर सांगायला लावा. "क्षीरसागर" आणि "द्रविड" झाल्यावर परीक्षेतलं कुठलंही आडनाव सोपं वाटेल.

वेळेच्या बाबतीत मराठी उपयोगी पडते. "हाफ सेव्हन" म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे. "क्वार्टर टु नाइन" म्हणजे पावणेनऊ. एवढे सुबक शब्द आपल्याकडे आयते आहेत. मनात "पावणेनऊ" उमटू दे, कागदावर ८.४५ लिहा.

आणि तो शेवटचा "एस". यावर मी वर्गात इतकं बोलते की मुलं नकला करतात. आपण मराठीत इंग्रजी शब्द वापरतो तेव्हा त्याचं अनेकवचन करत नाही. "आज वॉर्डात बारा पेशंट आहेत", "चार टेबल मांडा". बारा असूनही पेशंट तो पेशंटच. जो "स" आपल्या जिभेवर कधी बसला नाही, तो कानाला कुठून ऐकू येणार? पण उत्तर "टिकिट्स" असेल आणि तुम्ही "टिकिट" लिहिलंत, तर गुण गेला. म्हणून रिकाम्या जागेच्या आजूबाजूचं व्याकरण आधीच बघून ठेवा: मागे "अ" किंवा "अन" आहे का, पुढचं क्रियापद एकवचनी आहे का. स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन, दोन्ही चालतात. चुकीचं स्पेलिंग चालत नाही. दोनच शब्द लिहायला सांगितले असतील तर तिसरा शब्द, भले तो बरोबर असो, पूर्ण उत्तर बुडवतो. चुकल्याबद्दल गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका.

चौथ्या रकान्याचं, म्हणजे फसवणुकीचं, एक उदाहरण तुमच्याच ओळखीचं देते. दवाखान्यात फोन येतो: मंगळवारी चार वाजता चालेल का? हो, चालेल. अहो थांबा, मंगळवारी मुलाला दुसरीकडे न्यायचंय, गुरुवार जमेल का? गुरुवारी डॉक्टर सकाळीच असतात. मग गुरुवारी साडेदहा. तुम्ही प्रत्यक्ष फोनवर असता तर डायरीत मंगळवार लिहून फोन ठेवला असता का? नाही ना? कारण बोलणं संपेपर्यंत काही पक्कं नसतं, हे तुम्हाला कामावरून ठाऊक आहे. परीक्षेत मात्र पहिला वार कानावर पडला की माणूस तो लिहून सुटकेचा श्वास टाकतो. "ॲक्च्युअली", "ओ वेट", "इन्स्टेड", "ऑन सेकंड थॉट्स" हे शब्द ऐकले की समजायचं, डायरीतली नोंद खोडायची वेळ आली.

तिसऱ्या भागात विद्यार्थी आणि शिक्षक प्रकल्पावर चर्चा करत असतात, आणि बहुपर्यायी प्रश्नांत तिन्ही पर्यायांचा उल्लेख बोलण्यात होऊन जाऊ शकतो. छापलेला शब्द जसाच्या तसा ऐकू आला तर सावध व्हा, तो बहुधा गळ असतो. खरं उत्तर दुसऱ्या शब्दांत येतं: कागदावर "स्वस्त" असेल तर बोलण्यात "त्यांच्या खिशाला झेपेल असं". शिवाय ही मंडळी नकार सरळ देत नाहीत. आपल्याकडे दारावर पाटी लावून नकार देतात, तिकडे "दॅट्स अन इंटरेस्टिंग आयडिया" म्हणतात आणि एक "बट" जोडतात. त्या "बट" च्या पुढचं ऐका.

नकाशाचा प्रश्न बहुधा दुसऱ्या भागात येतो, आणि त्यात पुणेकरांना एक खास अडचण आहे. आपण पत्ता खुणांवर सांगतो: अमक्या मिठाईच्या दुकानासमोर, तमक्या मारुतीच्या अलीकडे. डावं-उजवं आपण हाताने दाखवतो, तोंडाने क्वचितच बोलतो. सराव असा करा: कागदावर अलका टॉकीजचा चौक काढा, तिथून फुटणारे लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, शास्त्री रस्ता दाखवा, पण नावं घालू नका. मैत्रिणीला इंग्रजीत सांगायला लावा: लकडी पुलावरून ये, केळकर रस्ता धर, अप्पा बळवंत चौकापर्यंत सरळ, तिथे डावीकडे वळून बाजीराव रस्त्याने शनिवारवाडा. तुमचं पेन तिच्या बोलण्याबरोबर कागदावर चालत राहिलं पाहिजे. "अपोझिट", "जस्ट बियाँड", "ॲट द फार एंड", "अडजेसंट टू" हे शब्द तिने मुद्दाम वापरावेत. पाच-सहा वेळा भूमिका बदलून केलंत तर पुरे. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत प्रत्यक्ष गेलातच, तर केंब्रिजची जुनी सराव-पुस्तकं घ्या. मात्र मागची संहितेची पानं शाबूत आहेत ना, ते उघडून बघा. त्या पानांशिवाय पुस्तक आपल्या उपयोगाचं नाही.

राहिला तिसरा रकाना, जागा हरवण्याचा. तो मुख्यतः चौथ्या भागात भरतो. तिथे एकच माणूस शैक्षणिक विषयावर व्याख्यान देतो आणि इतर भागांसारखा मध्ये थांबा नसतो. विषय काहीही असेल: एखादा प्राणी, बांधकामाचं साहित्य, जुनी वस्ती. विषयाची माहिती लागत नाही, तेव्हा त्याची धास्ती सोडा. सुरुवातीला मिळालेल्या वेळात टिपणाची उपशीर्षकं वाचा, कारण वक्ता त्याच क्रमाने जाणार आहे. ऐकताना नजर कायम दोन प्रश्नांवर ठेवा, चालू आणि पुढचा. पुढच्या प्रश्नातला खुणेचा शब्द ऐकू आला आणि चालू जागा रिकामी असेल, तर ती सोडून द्या. बसथांब्यावर सुटलेल्या बसमागे धावत राहिलं की मागून येणारी बसही जाते. एक उत्तर गेल्याने कुणी नापास होत नाही. त्या एका उत्तराच्या शोधात पुढची तीन जातात, आणि तुमच्या ३० मधले नेमके तेवढेच कमी पडतात. "मूव्हिंग ऑन टू", "टर्निंग नाउ टू" हे शब्द म्हणजे पुढचा थांबा आला.

परीक्षा संगणकावर देणार असाल तर एक फरक आत्ताच लक्षात घ्या. कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, संगणकावर फक्त तपासायला २ मिनिटं. म्हणजे ऐकता ऐकताच टाइप करायचं. मोबाइलवरच्या आपोआप दुरुस्त होणाऱ्या टायपिंगवर वाढलेल्या बोटांचं स्पेलिंग इथे उघडं पडतं, तेव्हा तुमचं श्रुतलेखन आठवड्यातून दोनदा कळफलकावर करा, स्पेलिंग तपासणी बंद ठेवून. परीक्षेच्या खोलीत हेडफोनचा आवाज तपासायला सांगतात, तेव्हा संकोच न करता हवा तेवढा वाढवून घ्या, बिघाड वाटला तर हात वर करा. ध्वनिफीत एकदाच वाजते.

सात आठवड्यांची वाटणी मी अशी करीन: पहिले चार आठवडे श्रुतलेखन, सोबत आकडे आणि आडनावं. या काळात फार तर दोन टेस्ट, दोन रविवारी. शेवटचे तीन आठवडे चार दिवसांतून एक टेस्ट, आणि मधले दिवस तिची चिरफाड. परीक्षेच्या आदल्या दोन रात्री नाइट ड्यूटी नको, रजेचा अर्ज आजच द्या. आणि कुणी "तिसऱ्या भागात उत्तर बहुधा सी असतं" असल्या युक्त्या पैसे घेऊन शिकवत असेल तर त्याच पैशांत चांगले हेडफोन घ्या.

नर्सेससाठी ओईटी या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचाही पर्याय आहे. त्याचं लिसनिंग आरोग्यसेवेतल्याच बोलण्यावर असतं आणि यूकेचं कौन्सिल तेही स्वीकारतं. पण तुमची तारीख ठरलेली आहे आणि अंतर सहाच उत्तरांचं आहे, म्हणून आत्ता घोडा बदलू नका.

या आठवड्यात फक्त तीन टेस्टची वही करा आणि चारही रकान्यांचे आकडे मला कळवा. वरची वाटणी पहिला रकाना सगळ्यात लांब असेल हे धरून केली आहे. तुमचा तिसरा लांब निघाला तर श्रुतलेखन निम्मं करून चौथ्या भागाचं टिपण आधी घ्यावं लागेल.